तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल: आधी चाक, मग रंग, मग झूल

श्रावण लागला की माझ्या दुकानात दिवाण-टेबलांचं काम मागं पडतं आणि बैल यायला लागतात. कुणाचं शिंग मोडलेलं, कुणाचा पाय निखळलेला, कुणाच्या पाटाला तीनच चाकं. घेऊन येणारं पोट्टं कधी पाच वर्षांचं असतं, कधी पन्नास वर्षांचं. "काका, पोळ्याच्या आत होईल ना जी?" हा प्रश्न मात्र दोघांचाही सारखाच. होईल, पण यातलं बरंचसं काम घरी करता येतं आणि घरी केलेलं लेकराला जास्त आवडतं. नागपुरात सक्करदऱ्याकडच्या गल्लीत सुतारकाम करत माझं आयुष्य गेलं, आता सोसायटीच्या पोळ्यात पोरांचे बैल बघायला परीक्षक म्हणूनही बसवतात. दोन्हीकडून जे दिसतं ते इथं लिहितो.

पुण्या-मुंबईहून बदली होऊन नागपुरात आलेल्यांना आधी थोडं सांगायला हवं. श्रावण अमावास्येला शेतातल्या खऱ्या बैलांचा पोळा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, पोरांचा पोळा, म्हणजे तान्हा पोळा. पोरं धोतर-फेटा घालून लाकडी बैल ओढत तोरणाखाली येतात, पूजा होते, मग दारोदार फिरतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. बोजारा म्हणजे पैसे, खाऊ, जे काय असेल ते. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांची कारकीर्द 1788 ते 1816. महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यातला भला मोठा लाकडी बैल या दिवशी अजूनही मिरवतो. पण आपल्याला तेवढा मोठा करायचा नाही. आपल्याला फूटभर उंचीचा, पाच-सहा वर्षांच्या लेकराला एकट्यानं ओढता येईल असा बैल हवा.

आता मुद्द्याचं. परीक्षक म्हणून बसलं की दरवर्षी एकच तमाशा दिसतो. बैलावर हजारोंचा साज, मागे थर्माकोलचं शिवार, त्यात विहीर, त्यात प्लास्टिकची बाई पाणी शेंदते आहे, आणि बैल बापाच्या काखेत! लेकरू नुसतं बाजूनं चालतंय, कारण बैल चालतच नाही. (थर्माकोलवर राज्यात 2018 साली बंदी आली, तरी ते कुठून येतं देव जाणे.) माझं म्हणणं साधं आहे. हा बैल शोकेसचा नाही, ओढायचा आहे. म्हणून पैसा, वेळ आणि डोकं आधी चाकांवर खर्च करा. उरलं तर रंगावर, त्यातून उरलं तर झुलीवर.

नवा घ्यावा की जुना काढावा

घरात आजोबांच्या वेळचा बैल असेल तर नवा घेऊ नका. माळ्यावर, कोठीच्या खोलीत, गावाकडच्या घरी विचारा, निघतो. जुने बैल बहुतेक सागवानाचे नाहीतर शिसवाचे, चांगल्या सुकलेल्या लाकडाचे असतात. नवा घ्यायचाच असेल तर पोळ्याच्या आधी महाल, इतवारी, सक्करदरा या भागांत रस्त्याच्या कडेला रांगा लागतात, तिथं घ्या. घेताना तीन गोष्टी बघा. हातात धरून वजन जोखा: आकाराच्या मानानं फारच जड वाटला तर लाकूड ओलं आहे, दिवाळीपर्यंत तडकेल. पोट उलटं करून बघा: रंगाच्या खाली पुट्टीचे थर असतील तर पुट्टीखाली भेग लपवलेली आहे. आणि चारही पाय पाटाला नुसते खिळ्यानं ठोकलेत की भोक पाडून बसवलेत ते बघा. नुसत्या खिळ्यावरचा बैल पहिल्याच गतिरोधकावर पाट सोडतो. मी तर सांगतो, बिनरंगाचा बैल मिळाला तर तोच उचला. स्वस्त पडतो आणि लाकूड डोळ्यांना दिसतं.

कामाचं वेळापत्रक

कॅलेंडर काढायची गरज नाही, सणांवर चाला. नागपंचमी झाली की लाकडाचं काम. राखीपौर्णिमेपर्यंत, म्हणजे दहाएक दिवसांत, ते संपवा. राखी ते जन्माष्टमी रंग. घरी कान्होबा बसला की त्याच्यासाठी आणलेल्या गोटा-मण्यांतलंच थोडं बाजूला ठेवा, तिथून पोळ्यापर्यंतचा आठवडा साज शिवायला. हे सगळं आदल्या रविवारी होतं असं वाटत असेल तर विसरा. आपल्याकडचा श्रावण म्हणजे हवेत पाणी, फेविकॉल सुकायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ घेतो, आणि वरून कोरडा वाटणारा रंग झुलीला चिकटतो.

लाकूड तपासणं आणि दुरुस्ती

बैल काळ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर पिठासारखा बारीक भुसा दिसला तर आत कीड जिवंत आहे. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीचं औषध मिळतं, ते हातमोजे घालून सिरिंजनं प्रत्येक भोकात सोडा, बैल दोन-तीन दिवस गॅलरीत ठेवा आणि लेकराला तोवर हात लावू देऊ नका. भोकं मग पुट्टीनं बुजवा, वरून प्रायमर आणि रंग येणारच आहे. आत इतकी पोकळी असेल की नखानं दाबलं तरी लाकूड दबतं, तर त्या बैलाला देवघराजवळ बसवा, रस्त्यावर नेऊ नका.

भेगेसाठी त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल यांचा घट्ट लगदा करा. भेगेत आधी पातळ फेविकॉल जाऊ द्या, मग लगदा सुरीच्या पात्यानं दाबून भरा, थोडा वर फुगलेला ठेवा कारण सुकताना बसतो. एक दिवस पूर्ण सुकू द्या, मग पॉलिश पेपरनं सपाट.

मोडका पाय नुसत्या फेविकॉलनं चिकटवू नका, अगदी बापजाद्यांची शपथ आहे. दोन्ही तुकड्यांना समोरासमोर एक-एक इंच खोल भोक पाडा, 6 मिलिमीटरचं. त्यात सुकलेल्या बांबूची खुंटी बसवा, खुंटी हातानं ढकलून जाईल इतपतच घट्ट. फेविकॉल खुंटीला लावा, तुकड्यांच्या तोंडाला लावा, दाबा आणि सुतळीनं आवळून बांधा. जास्तीचा फेविकॉल ओल्या फडक्यानं लगेच पुसा, सुकल्यावर तिथं रंग धरत नाही. भोकं समोरासमोर कशी येणार, हा सगळ्यांचा प्रश्न. एका तुकड्यावर मधोमध बारीक चुका, म्हणजे छोटा खिळा, अर्धवट ठोका, त्याचं डोकं पकडीनं कापा, दुसरा तुकडा त्यावर हलकेच दाबा. उमटलेली खूण म्हणजेच भोकाची जागा. चुका काढून टाका आणि गिरमिट चालवा.

शिंगं सैल झाली असतील तर ती काढा, शिंगाच्या बुडाला शिवणाचा सुती दोरा फेविकॉलमध्ये भिजवून पाच-सहा वेढे द्या आणि परत बसवा. कानही तसेच. शेपूट मात्र लाकडाची असेल तर काढून टाका आणि सुतळीची लावा. लाकडी शेपटीसारखी लवकर मोडणारी गोष्ट बैलाच्या अंगावर दुसरी नसते, आणि तिचं टोक मागच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीला येतं.

चाकं

इथं जरा थांबा आणि नीट वाचा.

बाजारातल्या बहुतेक बैलांची चाकं दीड-दोन इंचांची असतात. घरातल्या फरशीवर ती छान पळतात. पण पोळा फरशीवर भरत नाही. आपल्या नागपुरात एकतर सिमेंट रोड, त्याला जागोजागी सांधे, नाहीतर सोसायटीत गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, त्यांच्या मधे फटी. लहान चाक फटीत उतरतं, बैल अडतो, पोट्टं दोरी हिसकतं आणि बैल तोंडावर. म्हणून फूटभर उंचीच्या बैलाला चाक किमान 3 इंच व्यासाचं हवं, जाडी पाऊण इंच. खरादीकडून सागवानाची चार चाकं कातून घ्या. त्याला सांगा की चारही एकाच फळीतून कात आणि भोक बरोबर मधे घे, चाक डुगडुगलं तर घेणार नाही.

पाट कमीत कमी 14 इंच लांब, 7 इंच रुंद, इंचभर जाड. पाटाच्या खाली पुढे-मागे दोन-दोन ठोकळे लावा आणि त्यांच्या भोकांतून आस जाऊ द्या. आस म्हणून 10 मिलिमीटरची सरळ लोखंडी सळई घ्या, 10 इंच लांब. ठोकळ्यांची आणि चाकांची भोकं 11 ते 12 मिलिमीटरची ठेवा. इथं हात आखडता घेऊ नका. उन्हाळ्यात भोक अगदी मापात पाडलं की श्रावणात लाकूड फुगतं आणि चाक जाम. प्रत्येक चाकाच्या आत एक, बाहेर एक असे वॉशर घाला. सळईच्या टोकाला आरपार बारीक भोक पाडून त्यात स्प्लिट पिन टाका आणि तिचे पाय वळवून ठेवा. हे भोक लोहार किंवा सायकलवाला दोन मिनिटांत पाडून देतो. बैलगाडीच्या आखाला चाक निसटू नये म्हणून ‘कुणी’ नावाची खीळ असते ना, तेच काम ही पिन करते.

दोन्ही आसा एकमेकींना समांतर हव्यात, नाहीतर बैल कायम एका बाजूला ओढेल. पाटाच्या पुढच्या कडेपासून आसेच्या डाव्या टोकापर्यंत मोजा, मग उजव्या टोकापर्यंत. दोन्ही मापं एकसारखी येईपर्यंत ठोकळ्याचे स्क्रू घट्ट करू नका.

वंगणाला तेल घालू नका. तेलाला धूळ धरते आणि लाकूड ते पितं. साधी मेणबत्ती घ्या, आसेवर आणि चाकाच्या भोकात रगडून घासा. मेणबत्ती नसेल तर कपडे धुण्याची कोरडी वडी चालते.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट: धाव. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, आपल्या चाकाला रबरी लावायची. सायकलच्या जुन्या ट्यूबचं वेटोळं पाऊण इंच रुंद कापा. 3 इंची चाकाला 28 इंची सायकलची ट्यूब आडवी कापली तर वेटोळं लहान पडतं आणि ताणून बसवावं लागतं. तसंच हवं. ताणून चढवलेली धाव फेविकॉलशिवाय बसते. हातानं चढत नसेल तर वेटोळं गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि चाकावर एका बाजूनं अडकवून दुसऱ्या बाजूनं चमच्याच्या दांड्यानं ओढून घ्या. फारच तोकडं वाटलं तर ट्यूब उभी चिरून पट्टी काढा आणि पंक्चरवाल्याच्या सोल्यूशननं चिकटवा, सांधा तिरपा कापा म्हणजे टक-टक आवाज येत नाही. धाव चढली की बैल गट्टूंवरून खडखडत नाही, सरसरत जातो, आणि साजाचे घुंगरू वाजताना ऐकू येतात.

दोरी कुठं बांधायची? बहुतेक लोक वेसणीला बांधतात, दिसायला खरं दिसतं म्हणून. पण नाकाला ओढलं की बैल पुढं झुकतो. लोखंडी कडीचा स्क्रू पाटाच्या पुढच्या कडेला मधोमध लावा आणि ओढायची दोरी तिथं बांधा. दोरी वर तिरकी ओढली जाते, त्यामुळे पुढची चाकं जरा उचलल्यासारखी होतात आणि अडथळा पार होतो. वेसण आणि कासरा नुसता शोभेला ठेवा, सैल. दोरी सुती घ्या, नायलॉनची तळहाताला काचते. पाच-सहा वर्षांच्या लेकराला साडेचार फूट पुरते. पाटाच्या मागं एक छोटी दोरी मोठ्या माणसासाठी बांधा, उतारावर बैल लेकराच्या टाचांवर येऊ नये म्हणून.

चाचणी साजासकट घ्यायची, नुसत्या बैलाची नाही. एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली दीड इंच जाडीची पट्टी ठेवा. बैल उभा राहिला तर ठीक. कलंडला तर पाट रुंद करा, नाहीतर पाटाच्या खाली मधोमध लोखंडाची पट्टी ठोकून वजन खाली आणा.

रंग

जुना रंग खरवडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली आला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आजोबांच्या बैलावरचा पिवळा आणि तांबडा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलाच घासा, तोंडाला मास्क लावा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि ते गुंडाळून फेका. हे काम लेकरू शाळेत असताना करा. रंग घट्ट धरलेला असेल आणि पोपडे निघत नसतील तर खरवडायचंच कशाला? वरून हलका घासून नवा हात मारा.

पाण्यात मिसळणारा प्रायमर एक हात, मग पाण्यातलाच पांढरा ॲक्रिलिक दोन हात. एनॅमल चमकतो खरा, पण या दिवसांत आठ-आठ दिवस वास जात नाही आणि बोटांचे ठसे धरतो. प्रत्येक हातामधे एक दिवस जाऊ द्या. पंख्याखाली ठेवा, उन्हाची तिरीप आली तर गॅलरीत.

बैल कुठला रंगवायचा

ह्यावर माझं लोकांशी भांडण होतं. बाजारातले बैल हल्ली सगळे खिल्लारी. लांब, मागं वळून वर गेलेली टोकदार शिंगं, कॅलेंडरवर असतात तशी. खिल्लार बैल देखणा, त्याबद्दल वाद नाही, पण तो सोलापूर-सांगलीकडचा. आपला बैल गवळाऊ. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा-शिवनी-बालाघाट हा त्याचा मुलूख, आर्वीकडचे तर नावाजलेले. हलक्या अंगाचा, चपळ, पळायला पक्का. मराठ्यांच्या फौजेचं सामान याच जातीनं पळवलं असं सांगतात. नागपूरच्या तान्ह्या पोळ्यात गवळाऊ दिसला तर परीक्षक म्हणून माझे दोन गुण तिथंच पक्के. वशिला म्हणा हवं तर.

गवळाऊ ओळखायचा कसा? चेहरा लांब आणि अरुंद, कपाळाकडे किंचित रुंद. डोळे बदामी, थोडे तिरके. शिंगं आखूड, जाडसर, टोकाला बोथट, जराशी मागं वळलेली. रंग पांढरा, पण बैलाच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या पुठ्ठ्यावर राखाडी छटा. खिल्लारी शिंगाचा बैल आधीच घरात असेल तर शिंगं बदलू शकता, ती तशीही भोकात बसवलेलीच असतात. आंब्याच्या लाकडाचा अडीच इंची तुकडा घ्या, कानशीनं गोल करा, बुडाशी जुन्या शिंगाच्या जाडीचा ठेवा.

राखाडी छटा ब्रशनं मारली तर डाग दिसतो. पांढऱ्यात थेंबभर काळा आणि त्याहून कमी निळा मिसळा, स्पंजचा छोटा तुकडा त्यात बुडवा, आधी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा, मग वशिंडावर थोपटा. गडद वशिंडाच्या माथ्यावर, खाली येताना फिका. गळ्याखालच्या पोळीच्या, म्हणजे लोंबत्या कातडीच्या, घड्यांत तीच छटा बारीक ब्रशनं, म्हणजे पोळी लोंबते आहे असं वाटतं. नाकपुडी, खूर आणि शेपटीचा गोंडा काळा.

डोळे सगळ्यात शेवटी आणि दिवसाच्या उजेडात. आधी पेन्सिलनं दोन्ही बदाम आखा, बैलाला समोरून बघा, मग वरून बघा. एक वर-एक खाली झाला तर खोडून परत आखा. सगळा बदाम काळा भरा, त्याच्या वरच्या कडेला काजळासारखी रेघ बाहेर ओढा आणि सुकल्यावर काडेपेटीच्या काडीच्या टोकानं एक पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला आला पाहिजे, उजव्यात उजवीकडे तर डाव्यातही उजवीकडे. नाहीतर बैल चकणा दिसतो आणि पोट्टे तेच नाव पाडतात.

साज

साजाबद्दल घरोघरच्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा दोन-चार गोष्टीच सांगतो. झुलीचं कापड गांधीबागेत कटपीसमध्ये मिळतं, पण घरातल्या जुन्या लुगड्याचा काठ असेल तर त्याच्यापुढं काही नाही. आधी वर्तमानपत्राची झूल कापून बैलावर घालून बघा. वशिंडाची जागा गोल कापू नका, मानेच्या कडेपासून सरळ चीर द्या आणि चिरीच्या टोकाला वशिंडाएवढा गोल. मग झूल वरून घालता येते, काढता येते. आतून सुती अस्तर लावा, नुसती सॅटिन ओघळते. आणि फेविकॉलनं गोटा चिकटवणं बंद करा, पुढच्या वर्षी तो काळा पडतो. टाका घाला, पुढच्या वर्षी उसवून धुता येतं.

झुलीची लांबी पोटाच्या खाली बोटभरच. चाकांपर्यंत आलेली झूल आसेत गुंडाळते.

लोकरीचे गोंडे पोरांकडून करवून घ्या, त्यांना तेवढ्यात गुंतवता येतं. दोन बोटांवर लोकर चाळीस-पन्नास वेढे गुंडाळायची, मधे घट्ट बांधायची, दोन्हीकडचे वेढे कापायचे आणि कात्रीनं गोल करायचे. शिंगांना बेगड बुडापासून टोकाकडे गुंडाळत न्या आणि टोकाला गोंडा बांधा, म्हणजे बेगडाचं सुटं टोक झाकलं जातं. कपाळाला मठाटी, त्यावर छोटं बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. घुंगरू इतवारीत तोलून मिळतात, पितळी घ्या. पत्र्याचे घुंगरू पावसाचा एक थेंब पडला की गंजतात आणि पांढऱ्या गळ्यावर तांबूस ओघळ येतो. डोक्यावर मखर करायची हौस असेल तर कामट्यांचं आणि कागदाचं करा, पण हलकं करा. डोक्यावर वजन गेलं की वर सांगितलेली चाचणी परत घ्यावी लागेल.

पोळ्याचे दोन दिवस

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलांची खांद शेकतात, पळसाच्या पानानं तूप-हळद लावतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. पोरांनाही आपल्या बैलाला आवतन द्यायचं असतं, जरूर द्या. पण तूप-हळद पांढऱ्या रंगावर कायमची बसते. पान नुसतं टेकवा, हळदीचं बोट झुलीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी लावा. कुंकवाचा टिळा मठाटीवर.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी इतवारी-महालाकडे राहिलेली खरेदी करायला जाऊ नका. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे भले मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं जुनं शहर रस्त्यावर असतं. 1880 च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक बघायला जायचं तर रिकाम्या हातानं जा, लेकराला खांद्यावर घ्या, बैल घरी ठेवा. गर्दीत फूटभर उंचीचा बैल कुणाच्या पायाखाली जाईल सांगता येत नाही. बैलाची वेळ संध्याकाळची.

निघायच्या आधी पिना वळवलेल्या आहेत का बघा आणि आसेला परत एकदा मेणबत्ती घासा. पिशवीत एक सुटी पिन, सुतळीचा तुकडा, कोरडं फडकं आणि झुलीएवढं प्लास्टिक ठेवा, कारण पोळ्याला पाऊस येतोच. बोजाऱ्यासाठी लेकराच्या गळ्यात कापडी झोळी अडकवा. हातात पैसे घेतले की दोरी सुटते. तोरणाखाली बैल रांगेत लावायचे असतात, तेव्हा चाकामागं लाकडाची पाचर सारा, नाहीतर हर बोला हर हर महादेवच्या गजरात सगळे बैल एकमेकांवर. आणि बापांनो, मागची दोरी तुमच्या हातात असू द्या, पण सैल. लेकराला ओढू द्या. पडला बैल तर पडू द्या, उचलून परत उभा करता येतो.

पोळा झाल्यावर

रात्रीच साज काढा, ओला राहिला तर रंगाला चिकटतो. फडक्यानं बैल पुसा, चाकांतला चिखल काडीनं काढा, रबरी धावा उतरवून ठेवा कारण वर्षभर ताणलेल्या राहिल्या तर चिरतात. दोन दिवस घरात मोकळा वाळू द्या. मग जुन्या सुती लुगड्यात गुंडाळा, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि माळ्यावर आडवा न ठेवता पाटावर उभा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नका, आत घाम धरतो आणि पुढच्या श्रावणात काळ्या कागदावर भुसा पडतो. पाटाच्या खालच्या बाजूला खडूनं आसेचं, चाकाचं आणि पिनेचं माप लिहून ठेवा. पुढच्या वर्षी एखादं चाक हरवलं तर माझ्या दुकानात येऊन "काका, जसं होतं तसं करून द्या" म्हणण्याऐवजी मापच दाखवाल, माझंही काम अर्ध्या तासात होईल.